उपग्रहाने मोजलेली लाट आणि उत्तनचा दर्या

पावसाळा सुरू झाला, की मुंबई व परिसराच्या बातम्यांत एक मजकूर दरवर्षी हमखास येतो. अमुक दिवशी दुपारी समुद्रात साडेचार मीटरांहून उंच लाटा उसळणार, असे त्यात म्हटलेले असते. वास्तविक ती उंची लाटेची नसते, भरतीची असते. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने समुद्राची सबंध पातळी वर चढते. ती किती चढली हे सागरी नकाशातील एका ठरावीक शून्य पातळीपासून मोजतात आणि गणिताने ते वर्षभर आधी सांगता येते. लाट ही वाऱ्याची लेक आहे. तिचे वेळापत्रक वर्षभर आधी कोणालाही छापता येत नाही. उत्तनच्या कोळीवाड्यात हा घोटाळा सहसा होत नाही; तेथे उधाण आणि भांग हे शब्द भरतीचे, लाटेची गोष्ट निराळी. घोटाळा होतो तो शिकल्यासवरल्या मंडळींकडून, म्हणून या पाठाचा आरंभ आम्ही तेथूनच करतो.

आमच्या निवासी शाळेत येणाऱ्या अनेक मुलांनी समुद्र पहिल्यांदा चित्रातच पाहिलेला असतो. त्यांना लाट मोजणे म्हणजे काय हे शिकवायचे, तर एखादा खराखुरा किनारा डोळ्यांसमोर हवा. आम्ही उत्तन निवडले. भाईंदरच्या पश्चिमेला, वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, डोंगरीच्या टेकड्या पाठीशी घेऊन हे गाव अरबी समुद्राकडे तोंड करून बसले आहे. येथील कोळी बांधवांची मुख्य ओळख बोंबलाची आणि डोल जाळ्याची. डोल हे पिशवीसारखे लांबट जाळे. समुद्रतळाशी पक्के रोवून ते प्रवाहाच्या तोंडी लावतात. भरती-ओहोटीचा ओघ त्यात मासळी भरतो आणि पाणी स्थिरावले, की ते उपसतात. म्हणजे तांडेलाला वेळ निवडण्याची मोकळीक फारशी नाही. पाण्याने दिलेल्या तेवढ्या अवधीत, लाट एक मीटर असो वा दोन, बोट जाळ्यापाशी उभी ठेवून ओले, जड जाळे वर ओढावे लागते.

अशा माणसाला लाट दीड मीटर सांगितली आणि ती अडीच निघाली, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. उलट अडीच सांगितली आणि सव्वाच निघाली, तर एका दिवसाची कमाई बुडते. शिवाय पुढच्या खेपेस खरा इशारा आला तरी तो कानाआड होतो. ही दुसरी हानी आम्हांला पहिलीइतकीच गंभीर वाटते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते, त्यामुळे ऐन मोसमाचा मोठा काळ बोटी किनाऱ्यावर असतात. परंतु मे महिन्याचा उत्तरार्ध, ऑगस्ट-सप्टेंबर आणि दिवाळीच्या आगेमागे येणारी वादळे बंदीच्या बाहेर पडतात. २००९ चे फयान वादळ ११ नोव्हेंबरला कोकण किनाऱ्यावर आले आणि २०२१ चे तौक्ते १७ मे रोजी मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे गेले. दोन्ही तारखा बंदीच्या काळातल्या नाहीत. अशा दिवसांत लाटेच्या आकड्यावर किती विसंबावे, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

आता आकड्याकडे वळू. खळबळलेल्या समुद्रावर एकच एक लाट नसते. लहान, मोठ्या, तिरप्या, एकमेकींवर स्वार झालेल्या अशा शेकडो लाटांचा तो मेळा असतो. 'आज लाट दोन मीटर' म्हणताना कोणती लाट? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज करणारे शास्त्रज्ञ हॅराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी यावर एक व्यवहारी तोड काढली. एका मुदतीतील सर्व लाटा उंचीप्रमाणे लावाव्या, त्यांतील सर्वांत उंच एक-तृतीयांश घ्याव्या आणि त्यांची सरासरी काढावी. अनुभवी दर्यावर्दी नुसत्या नजरेने जो अंदाज सांगतो, त्याच्याशी हा आकडा बराच जुळतो. कारण डोळाही लहान लाटा सोडूनच देतो. शास्त्रीय लेखनात याला सिग्निफिकंट वेव्ह हाइट म्हणतात. या लेखापुरते आपण तिला 'ठळक लाट-उंची' म्हणू.

उदाहरणासाठी नऊ लाटा घ्या : ४०, ५५, ६०, ७०, ७५, ८०, ९५, १०५ आणि १३० सेंटिमीटर. सर्वांची सरासरी ७९ सेंटिमीटर येते. वरच्या तिघींची सरासरी ११० सेंटिमीटर. ठळक लाट-उंची ती हीच. पण सर्वांत मोठी लाट १३० ची आहे, हे विसरू नये. प्रत्यक्ष समुद्रात हजारभर लाटांमागे एखादी लाट ठळक उंचीच्या जवळजवळ दुप्पट निघणे हे नियमातच बसते. सूचनेत दोन मीटर असताना साडेतीन मीटरांची लाट अंगावर आली, तर सूचना चुकली असे म्हणता येत नाही. उपग्रहाच्या अचूकतेची चर्चा करताना हा भेद आधी मनात ठसवावा लागतो, नाहीतर ज्याने जे सांगितलेच नाही त्याबद्दल त्याला दोष देण्याची वेळ येते.

लाट मोजण्याचे विश्वासाचे साधन म्हणजे लाटमापक बोया. नांगराला लवचीक दोरीने बांधलेला हा पिवळा गोळा लाटेबरोबर वर-खाली होतो. त्याच्या पोटातील उपकरण त्वरण मोजते. त्वरणाची दोनदा बेरीज, म्हणजे गणिताच्या भाषेत दोनदा संकलन केले, की तो किती वर चढला व किती खाली आला हे कळते. साधारण अर्ध्या तासाच्या नोंदीतून ठळक लाट-उंची, लाटेचा आवर्तकाल आणि दिशा काढतात. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, ज्याला आपण इन्कॉइस या संक्षिप्त नावाने ओळखतो, भारताच्या किनाऱ्यालगत असे बोये ठेवले आहेत. आपल्या राज्यात रत्नागिरी आणि मुंबईतील वर्सोवा ही त्यांतील ठिकाणे. वर्सोवा उत्तनपासून सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटर दक्षिणेला आहे. जवळ खरे, पण मध्ये मनोरी व गोराईचा किनारा आणि खाडीची मुखे आहेत, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

बोया एका ठिकाणचे सांगतो. अरबी समुद्र फार मोठा आहे आणि उत्तनला येणारी लाट बहुधा उत्तनजवळ जन्मलेली नसते. पावसाळ्यात ती नैर्ऋत्येच्या वाऱ्याने शेकडो किलोमीटर दूर उठते. हिवाळ्यातही अरबस्तानाकडून वाहणाऱ्या शमाल नावाच्या वायव्य वाऱ्यांनी उठवलेले दीर्घ तरंग आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. रत्नागिरीजवळच्या मोजमापांतून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी हे २०११ मध्ये दाखवून दिले. दूरच्या समुद्रात काय चालले आहे ते पाहायचे, तर उपग्रहाला पर्याय नाही.

उपग्रह लाट पाहतो तरी कशी? तो छायाचित्र काढून पट्टीने मोजत असेल, असे मुलांना वाटते. तसे नाही. रडार अल्टिमीटर सरळ खाली रेडिओ लहरीचा एक अत्यंत आखूड ठोका पाठवतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहतो. सपाट भिंतीसमोर टाळी वाजवली, तर प्रतिध्वनी एकदम, टणत्कारासारखा येतो. उंचसखल कातळासमोर वाजवली, तर पुढे आलेल्या कातळाकडून तो आधी आणि मागच्याकडून नंतर येतो, आवाज फाकतो. समुद्राचेही असेच. लाटेच्या माथ्यावरून परतणारा अंश आधी पोहोचतो, तळाकडचा किंचित उशिरा. समुद्र शांत असेल तर प्रतिध्वनीची ताकद झटकन चढते. खवळलेला असेल तर ती सावकाश चढते. त्या चढावाचा उतार हेच लाटेचे माप. परतणाऱ्या प्रतिध्वनीचा आकार कसा असावा याचे गणिती सूत्र जी. एस. ब्राउन यांनी १९७७ मध्ये मांडले आणि आजही बहुतेक पद्धती त्यावरच उभ्या आहेत.

यातले परिमाण पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते. भारताची इस्रो आणि फ्रान्सची क्नेस यांनी मिळून बनवलेला सरल हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२० ने सोडला. त्यावरील अल्टिका हे उपकरण सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून ठोका पाठवते. जाऊन येण्यास एका सेकंदाचा सुमारे १८८ वा भाग लागतो. माथा आणि तळ यांत दोन मीटरांचे अंतर असेल, तर दोघांच्या परतण्यात फरक पडतो केवळ १३ नॅनोसेकंदांचा. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. अल्टिकाच्या नोंदीतले कप्पे साधारण दोन-दोन नॅनोसेकंदांचे, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचे असतात. आधीच्या बहुतेक उपग्रहांचे सुमारे तीन नॅनोसेकंदांचे, म्हणजे जवळजवळ ४७ सेंटिमीटरांचे. यावरून एक गोष्ट उघड होते. तीन मीटरांची लाट या कप्प्यांत ऐसपैस पसरते. अर्ध्या मीटरांची लाट एक-दोन कप्प्यांतच मावते, आणि तिचे माप काढणे म्हणजे रतीबाच्या मापाने अत्तर मोजण्यासारखे होते. उत्तनसमोरचा समुद्र नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बराच काळ एका मीटरच्या आत असतो. म्हणजे शांत महिन्यांतील उपग्रहाचा आकडा शेकडेवारीने पाहिला तर कच्चाच राहणार, हे उपकरणाच्या घडणीतच आहे.

अचूकता तपासायची म्हणजे उपग्रहाची नोंद बोयाच्या नोंदीशी ताडून पाहायची. हे वाटते तितके सोपे नाही. उपग्रह सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने निघून जातो. बोया अर्धा तास एका जागी मोजत राहतो. एकाने क्षणात पुष्कळ जागा पाहिली, दुसऱ्याने एका जागी पुष्कळ क्षण पाहिले. मग या दोघांची तुलना न्याय्य कशी? दहा सेकंद आवर्तकालाच्या लाटांचा समूह खोल पाण्यात सेकंदाला सुमारे ७.८ मीटर सरकतो. अर्ध्या तासात तो १४ किलोमीटर जातो. म्हणजे बोयाच्या अर्ध्या तासात जेवढा समुद्र त्याच्या खालून जातो, तेवढाच साधारण उपग्रहाने दोन सेकंदांत पाहिलेला असतो. या हिशेबामुळे खुल्या समुद्रात ५० किलोमीटर आणि अर्धा तास या मर्यादेत आलेल्या जोड्या तुलनेसाठी चालतात, असा संकेत रूढ झाला.

जोड्या जमल्या, की हिशेब. येथे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आकडे खोटे न बोलताही फसवू शकतात. समजा, पाच वेळची बोयाची नोंद अशी आहे : ०.६, ०.८, १.१, २.४ आणि ३.० मीटर. त्याच वेळी उपग्रहाने दिली ०.९, १.०, १.२, २.३ आणि २.८ मीटर. हे आकडे आम्ही वर्गासाठी रचले आहेत, कोणत्याही उपग्रहाचे नाहीत. फरक येतात अधिक ०.३, अधिक ०.२, अधिक ०.१, उणे ०.१ आणि उणे ०.२. त्यांची सरासरी काढली तर अवघे सहा सेंटिमीटर. दोन्ही स्तंभांतील सहसंबंध गुणांक काढला तर ०.९९९. इतका सुंदर निकाल पाहून कोणीही उपग्रहाची पाठ थोपटील.

पण पुन्हा पाहा. शांत समुद्रात उपग्रह लाट फुगवून सांगतो आहे. पहिल्या नोंदीत तर निम्म्याने. खवळलेल्या समुद्रात तो ती कमी सांगतो आहे. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि सरासरी निष्पाप दिसते. सहसंबंध गुणांक तर एवढेच सांगतो, की एक वाढले तेव्हा दुसरेही वाढले. ते बरोबर किती वाढले याची त्याला पर्वा नसते. फरकांचे वर्ग करून, त्यांची सरासरी घेऊन वर्गमूळ काढले तर सुमारे २० सेंटिमीटर येतात. बोयाच्या सरासरी उंचीशी, म्हणजे १.५८ मीटरांशी, त्याचे प्रमाण १२ टक्के. हा आकडा पहिल्या दोहोंपेक्षा प्रामाणिक आहे, तरीही चूक कोणत्या बाजूला आहे ते तोही सांगत नाही. उत्तनच्या तांडेलाच्या दृष्टीने ०.६ ऐवजी ०.९ ही चूक आणि ३.० ऐवजी २.८ ही चूक सारख्या नव्हेत. दुसरी आकाराने लहान असूनही घातक आहे. म्हणून अचूकतेचा एकच आकडा देणारा अहवाल पाहिला, की तो कोणत्या महिन्यांचा, किती उंचीपर्यंतच्या लाटांचा आणि किनाऱ्यापासून किती अंतरावरचा, हे विचारल्यावाचून आम्ही पुढे जात नाही. टोपेक्स-पोसायडन हा १९९२ चा उपग्रह आखताना उद्दिष्ट ठेवले होते ते '१० टक्के किंवा अर्धा मीटर, यांत जे अधिक असेल ते'. मोठ्या लाटेला टक्के आणि छोट्या लाटेला सेंटिमीटर, अशी ही दुहेरी मोजपट्टी आहे. तिच्यामागचे शहाणपण वरच्या उदाहरणावरून कळते.

आतापर्यंत बोया हा परीक्षक आणि उपग्रह परीक्षार्थी असे आपण धरून चाललो. परंतु परीक्षकाची परीक्षा कोण घेणार? २००९ मध्ये ड्यूरंट, ग्रीनस्लेड आणि सिमंड्स या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जेसन-१ आणि एन्व्हिसॅट या उपग्रहांची तपासणी उत्तर अमेरिकेच्या बोयांशी केली. अमेरिकेच्या बोयांशी जमणारा तोच उपग्रह कॅनडाच्या बोयांशी मात्र जमेना. तपासाअंती दिसले, की कॅनडाच्या बोयांचे आकडे अमेरिकेच्या बोयांपेक्षा सुमारे १० टक्के कमी येत होते. दोन देशांचे बोये एकमेकांपासून दूर, त्यांची थेट गाठ पडणे शक्य नव्हते. वरून जाणाऱ्या उपग्रहाने ती घालून दिली. तपासायला बसवलेल्याचीच उणीव अशा रीतीने उघडी पडली. हे उदाहरण आम्हांला फार आवडते.

यातून पुढची पायरी निघते. दोन घड्याळे वेगळी वेळ दाखवतात तेव्हा कोणते चुकले ते सांगता येत नाही. तीन असली तर काही सांगता येते. बोया, उपग्रह आणि संगणकीय प्रारूप अशी एकाच जागेची, एकाच वेळेची तीन मापे घ्या. त्यांना अ, ब, क म्हणा. खरी उंची आपल्याला माहीत नाही, पण अ वजा ब केले की खरी उंची दोन्हींतून निघून जाते आणि उरतो केवळ दोघांच्या चुकांमधला फरक. तसेच अ वजा क. हे दोन फरक गुणून, अशा पुष्कळ गुणाकारांची सरासरी घेतली तर ब आणि क यांच्या चुका एकमेकींशी असंबद्ध असल्यामुळे गळून पडतात आणि हाती येतो तो अ च्या चुकीचा सरासरी वर्ग. सत्य ठाऊक नसताना चुकीचे माप काढण्याची ही युक्ती नववी-दहावीच्या बीजगणितात बसते. अटी दोन. तिन्ही मापे आधी एकाच पट्टीवर आणलेली हवीत आणि तिघांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. ज्या प्रारूपात उपग्रहाचेच आकडे आधी मिसळले आहेत, ते तिसरा साक्षीदार म्हणून चालत नाही. तो साक्षीदार फुटलेला असतो.

अशा तपासण्यांचा परिणाम म्हणून खुल्या समुद्रातील उपग्रहांचे आकडे आज चांगलेच भरवशाचे झाले आहेत. रिबल आणि यंग यांनी २०१९ मध्ये १९८५ पासूनच्या १३ अल्टिमीटरांच्या ३३ वर्षांच्या नोंदी बोयांशी ताडून, प्रत्येकाचा कल दुरुस्त करून एका पट्टीवर आणल्या. अरबी समुद्राच्या मध्यावर मोसमी वारे किती लाट उठवतात, हे आज आपण निःशंकपणे सांगू शकतो त्यामागे हे खटाटोप आहेत.

मात्र उत्तन अरबी समुद्राच्या मध्यावर नाही. आणि डोल जाळीही तेथे नसतात.

किनाऱ्याजवळ येताना उपग्रहाच्या अडचणी एकामागून एक उभ्या राहतात. अल्टिकाचा झोत ८०० किलोमीटरवरून खाली येईपर्यंत सुमारे आठ किलोमीटर व्यासाचा होतो. जुन्या उपग्रहांचा याहून रुंद. प्रतिध्वनी आधी ठीक खालच्या बिंदूकडून येतो, मग भोवतालच्या वाढत्या कड्यांकडून. त्या कड्यांत डोंगरीची टेकडी आली, खडक आले किंवा खाडीतले संथ, आरशासारखे पाणी आले, की प्रतिध्वनीत परक्या आवाजांची भर पडते. जमिनीपेक्षाही असे संथ पाणी अधिक दगा देते, कारण ते झगझगीत चमकते. वसईच्या खाडीचे तोंड शेजारीच असलेल्या किनाऱ्यावर हा धोका नेहमीचा. अशा वेळी ब्राउन यांच्या सूत्रात बसवलेली उंची मनमानी येऊ शकते आणि ती ओळखून बाजूला काढावी लागते. नुसत्या चढावाकडे पाहून शेपटाकडे दुर्लक्ष करणाऱ्या नव्या पद्धतींनी यात पुष्कळ सुधारणा केली आहे. किनारी भागासाठी तयार केलेल्या सरलच्या नोंदी भारतीय किनाऱ्यावरील बोयांशी ताडून पाहण्याचे काम इन्कॉइसच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा हा केवळ परदेशी प्रयोगशाळांचा विषय राहिलेला नाही.

दुसरी अडचण उपकरणाची नव्हे, समुद्राची आहे. पाण्याची खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली, की लाटेला तळ लागतो. दहा सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात १५६ मीटर. म्हणजे ७८ मीटर खोलीपासूनच ती बदलू लागते. मुंबईसमोरची खंडभूमी रुंद आणि उथळ, तळ पुष्कळ ठिकाणी चिखलाचा. लाट किनाऱ्याकडे येता येता वळते, तळाशी झिजते आणि शेवटी खोलीच्या सुमारे पाऊणपट उंची झाली की फुटते. दोन मीटर पाण्यात दीड मीटरहून मोठी लाट टिकत नाही. येथे पन्नास किलोमीटरचा संकेत लावला, तर एका टोकाला तीन मीटर आणि दुसऱ्या टोकाला दोन, अशी दोन्ही मापे खरी असू शकतात. त्यांतला फरक उपग्रहाची चूक म्हणून नोंदवणे अन्यायाचे होईल. वर्सोव्याच्या बोयावरून उत्तनची लाट ठरवतानाही हाच विचार हवा. वसईच्या खाडीतून ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असते, तेव्हा समोरून येणारी लाट आखडते आणि अधिक उभी, अधिक तीव्र होते. वर्सोव्याला त्याच वेळी तसे काही नसेल. खाडीच्या मुखाशी बोट आणणाऱ्या खलाशाला हे ठाऊक असते. सरळ खाली पाहणाऱ्या अल्टिमीटरला लाटेची दिशा कळत नाही आणि तिचा आवर्तकालही थेट कळत नाही. दीड मीटरची सहा सेकंदांची लाट आणि दीड मीटरचा चौदा सेकंदांचा तरंग त्याच्या वहीत एकसारखेच.

तिसरी अडचण पावसाची. सरलने वापरलेली का-पट्ट्यातील वारंवारता, ३५.७५ गिगाहर्ट्‌झ, बारीक नोंदीसाठी उत्तम, परंतु जोराचा पाऊस तिला गिळतो. ज्या दिवसांत समुद्र सर्वांत खवळलेला, नेमक्या त्याच दिवसांतल्या काही नोंदी गळतात किंवा डागाळतात. योगायोग असा, की बोयेही त्याच दिवसांत दोरी तुटून भरकटण्याचा धोका अधिक. दोन्ही बाजूंची पाने मोठ्या लाटांच्या वेळीच फाटलेली असतील, तर उरलेल्या पानांवरून काढलेली अचूकता ही प्रामुख्याने शांत समुद्राची अचूकता असते. मूल्यमापन वाचताना किती जोड्या तीन मीटरांवरच्या आहेत, हे मोजण्याचा आग्रह आम्ही मुलांकडे धरतो तो यासाठी.

शेवटी फेऱ्यांचा प्रश्न. सरल ३५ दिवसांनी त्याच वाटेवर परत येत असे आणि दोन शेजारच्या वाटांत विषुववृत्तावर सुमारे ८० किलोमीटरांचे अंतर होते. जुलै २०१६ पासून तर त्याला ठरावीक वाटेवर धरून ठेवणेही सोडून दिले. जेसन-३, सेंटिनेल-३ ची जोडी, सेंटिनेल-६ असे इतर उपग्रह आहेत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट रेषेऐवजी रुंद पट्टा पाहतो. तरीही उद्या पहाटे उत्तनसमोर लाट किती, हे कोणताही उपग्रह थेट सांगत नाही. सूचनेतला आकडा येतो तो वाऱ्याच्या अंदाजावर चालणाऱ्या संगणकीय प्रारूपातून. उपग्रह त्या प्रारूपाला दूर समुद्रात सावरतो आणि बोया त्याला किनाऱ्याजवळ तपासतो. या साखळीतली किनाऱ्याकडची कडी सर्वांत बारीक आहे.

आणि ती तुटतेही. बोयाच्या सावलीला मासळी जमते, म्हणून बोटी तेथे येतात. कधी जाळे अडकते, कधी बोट त्यालाच बांधली जाते, कधी आतले सामान काढून नेले जाते. देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर हा अनुभव आहे आणि त्यासाठी मच्छीमार वस्त्यांतून प्रबोधन चालते. त्या गोळ्यात काय आहे, त्याचा आपल्या सूचनेशी संबंध काय, हे कोणी नीट समजावून न सांगता नुसती मनाई केली तर ती पाळली जात नाही. यात मच्छीमारांचाच दोष आहे असे आम्हांला वाटत नाही.

वर्गातील मुलांसाठी आम्ही एक काम ठेवले आहे. किनाऱ्यावरून सुरक्षित अंतर राखून, पाण्यातील एखाद्या स्थिर खांबाकडे पाहत सलग तीस लाटांच्या उंचीचा अंदाज लिहायचा. जोडीदाराने घड्याळ लावून तीस लाटांना लागलेला वेळ टिपायचा. सर्वांत उंच दहांची सरासरी काढायची. मग दोन मुलांनी त्याच तीस लाटांचे केलेले अंदाज शेजारी ठेवून फरक लिहायचे, त्यांच्या वर्गांची सरासरी घ्यायची, वर्गमूळ काढायचे आणि दोघांपैकी मोठी लाट कमी कोण सांगतो ते पाहायचे. तिसऱ्या मुलाचे आकडे मिळाले, तर अ, ब, क ची युक्तीही लावता येते. तीस लाटांवरून ती कच्चीच लागेल, म्हणून ओहोटीच्या वेळी एकदा आणि भरतीच्या वेळी एकदा असे चार-पाच दिवस करावे, व दोन्ही वेळच्या वह्या वेगळ्या ठेवाव्या.